जुन्या स्पोर्ट्स कारचं ऑइल प्रेशर कमी दाखवतंय? आधी गेज तपासा, सम्प (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) शेवटी उघडा

तक्रार बहुधा ठरलेलीच असते. थंड इंजिन सुरू केलं की काटा चार-साडेचार बारवर ताठ उभा. अर्धा तास गाडी पळवून आयडलवर (रेस न देता) आणली की तोच काटा अर्ध्या बारवर येऊन पडतो, कधी लाल दिवाही मिचमिचतो. मग कुणीतरी ऑइल पंप बदलायला सांगतो. पंप बदलला जातो, थोडे दिवस बरं वाटतं आणि काटा पुन्हा तिथेच.

यामागे एक गैरसमज आहे. पंप प्रेशर बनवत नाही. तो दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, एवढंच. ते तेल मेन बेअरिंग (क्रँकशाफ्टचे आधार), बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) आणि कॅमशाफ्टच्या फटींतून बाहेर पडताना त्याला जो अडथळा होतो, तो गेजवर दिसतो. फट वाढली, तेल पातळ झालं किंवा तेलाला मधेच निसटायला वाट मिळाली, की काटा पडतो. त्यातही फटीचा हिशोब सरळ नाही. बेअरिंगमधून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०५ मिमीची फट ०.१० झाली, तर तेल आठपट निसटतं. अशा इंजिनात नवा पंप घातला तर तो फार तर थोडे दिवस ही गळती झाकतो.

चालत्या गाडीत लाल दिवा लागून राहिला, तर पुढचं सगळं वाचण्याआधी इंजिन बंद करा. दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला चालू-बंद होतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा बेअरिंगपाशी जवळपास काहीच उरलेलं नसतं. घरापर्यंत हळूहळू नेण्याच्या नादात शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यांच्या) खर्चात क्रँक ग्राइंडिंगचा (क्रँकशाफ्ट घासून नव्या मापात आणण्याचा) खर्च मिळवला जातो.

कमी म्हणजे नक्की किती?

गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. पण शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनाला चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ पीएसआय चालतं, म्हणजे गरम आयडलला १५ दिसलं तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाला ३००० आरपीएमला गरम असताना ४० पीएसआय मिळालं की झालं. काटा डायलच्या मध्यावर हवा ही अपेक्षा डायलच्या रचनेमुळे होते. इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसतं.

उलट फसवणारी गेजही असतात. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये सुरुवातीच्या वर्षांत खरा गेज होता. १९९५ पासून तिथे काट्याच्या वेषातला स्विच आला. प्रेशर एका मर्यादेच्या वर असलं की काटा मध्यावर, खाली गेलं की शून्यावर. अशा गाडीत काट्यावरून कसलंही निदान करू नये.

पहिलं काम: मेकॅनिकल गेज

सेंडर (प्रेशर मोजून वायरने गेजला सांगणारा भाग) काढून त्याच जागी ०–१० बारचा मेकॅनिकल गेज लावा. निम्म्याहून अधिक वेळा शोध इथेच संपतो, म्हणून ही पायरी गाळू नका. आटे नीट ओळखा: १/८ एनपीटीला (अमेरिकन माप) इंचाला २७ आटे असतात, १/८ बीएसपीला (ब्रिटिश माप) २८. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे सहज जातात आणि मग ब्लॉकमधले आटे कापतात. हाताने चार फेरे बसत नसेल तर पाना लावू नका. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. गरम तेलाची पिचकारी मॅनिफोल्डवर उडाली तर आग लागते. साधी नायलॉनची नळी चाचणीपुरती चालते, कायमची नको.

मेकॅनिकल गेज चांगलं दाखवत असेल तर दोष सेंडर, वायर किंवा डॅशमधल्या गेजचा. सेंडरचे दोन मोठे प्रकार आहेत आणि ते उलट वागतात. व्हीडीओ कंपनीच्या पद्धतीच्या सेंडरचा रोध शून्य प्रेशरला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ओहम असतो. त्याची वायर तुटली तर काटा वर आपटतो, वायर बॉडीला लागली तर शून्यावर जातो. अमेरिकन पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण प्रेशरला ३३ ओहम, त्यामुळे वायर तुटली की काटा शून्य दाखवतो. इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर लावला की सेंडर कोणत्या जातीचा आहे ते लगेच कळतं.

दोन चुका वारंवार होतात. ५ बारच्या गेजला १० बारचा सेंडर लावला जातो आणि प्रेशर कायम निम्मं दिसतं. दुसरी चूक टेफ्लॉन टेपची. एकाच टर्मिनलचा सेंडर अर्थिंग आट्यांतूनच घेतो. टेप गुंडाळली की मधे रोध वाढतो, आणि अमेरिकन पद्धतीच्या सेंडरवर तो थेट कमी प्रेशर म्हणून दिसतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्सच्या संथ हलणाऱ्या बायमेटल गेजला सरासरी १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला की पेट्रोल आणि तापमानाचे काटेही सोबत चुकतात. तिन्ही एकाच दिशेला चुकत असतील तर इंजिनाकडे वळूच नका.

आकडे लिहून काढा

मेकॅनिकल गेजनेही प्रेशर कमीच दाखवलं, तर गेज तसाच ठेवून ही मापं कागदावर घ्या: थंड इंजिन सुरू केल्यावर काटा हलायला लागलेले सेकंद, थंड आयडल, थंड २०००, मग किमान २० मिनिटं गाडी चालवून गरम आयडल, १०००, २०००, ३०००, ४०००. पाण्याचा काटा जागेवर आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही, तेल त्याच्या बरंच मागे असतं. शक्य असेल तर तेलाचं तापमानही लिहा. २०डब्ल्यू-५० तेल ९० अंशांवरून १२० अंशांवर गेलं की त्याचा घट्टपणा जवळपास निम्मा होतो. म्हणून ट्रॅकवरून आलेल्या आणि रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

आता हे आकडे काय सांगतात ते बघा.

थंड असताना उत्तम, गरम आयडलला पडतं, आरपीएमबरोबर पुन्हा चढतं: तेल पातळ आहे किंवा बेअरिंगच्या फटी वाढल्या आहेत. सर्वांत जास्त भेटणारा प्रकार हाच.

थंड आणि गरम दोन्ही वेळा एका ठरावीक आकड्याला अडकतं, उदाहरणार्थ ३० पीएसआय, आणि रेस वाढवूनही पुढे सरकत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप). त्याची स्प्रिंग दबून आखूड झाली आहे किंवा प्लंजर (आतला सरकता खुंट) उघडा अडकला आहे.

३००० पर्यंत चढतं आणि पुढे वाढायच्या ऐवजी घसरतं: पंपाला तेल पुरत नाही. गाळणी चोंदली, पातळी कमी, किंवा सक्शनच्या जोडातून हवा येते.

काटा थरथरतो, वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर कोसळतो: पिकअप (सम्पमधून तेल ओढणारी नळी) तेलाबाहेर उघडा पडतो. पातळी बघा, ती बरोबर असेल तर सम्पमधले बॅफल (तेल हेलकावू न देणारे पत्रे) बघा.

सुरू केल्यावर पाच-सात सेकंद शून्य आणि मग सगळं ठीक: फिल्टरमधला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (तेल परत वाहू न देणारी झडप) गळतो आणि रात्रभरात गॅलरी (ब्लॉकमधला तेलाचा मार्ग) रिकामी होते. चांगल्या प्रतीचा फिल्टर लावून दोन दिवस बघा.

क्लच दाबल्यावर प्रेशर किंवा आयडल बदलतो: थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारा वॉशर). याबद्दल पुढे सांगतो, कारण हे लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

तेल

डिपस्टिक काढा आणि आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, पातळी न भरता वाढलेली असेल, तर तेलात पेट्रोल उतरतंय. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा फाटलेला डायफ्राम, अडकलेला चोक, कार्ब्युरेटरच्या फ्लोटची गळकी नीडल, किंवा आग न धरणारा एखादा सिलिंडर, यांपैकी काहीतरी. आधी ते दुरुस्त करा, मग तेल आणि फिल्टर बदला, मग पुन्हा मापं घ्या. उलट क्रमाने केलं तर नवं तेलही आठवड्यात पातळ होईल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय; पोर्शे ९४४ मध्ये हेड गॅस्केटवर आळ घेण्यापूर्वी ऑइल कूलरच्या हाउसिंगची सील बघतात.

पातळी मोजण्याची पद्धतही गाडीगणिक वेगळी. एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला ड्राय सम्प आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं. तिथे पातळी इंजिन पूर्ण गरम, आयडलवर चालू आणि गाडी सपाट जमिनीवर असताना बघायची. बंद, थंड गाडीची डिपस्टिक कोरडी दिसते आणि लोक घाबरून लिटर-दोन लिटर जास्त ओततात.

ग्रेडचा हिशोब १०० अंशांवरच्या घट्टपणाचा आहे. एसएई ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. मधले आकडे धरले तर ५० ग्रेड ३० ग्रेडच्या सुमारे पावणेदोन पट घट्ट. २०डब्ल्यू-५० साठी बनलेल्या इंजिनात कुणी आधुनिक ०डब्ल्यू-३० ओतलं असेल, तर गरम आयडलला प्रेशर कमी येणारच. मॅन्युअलमधल्या ग्रेडवर परत या. मात्र त्याच्याही पुढे जाऊन ६० ग्रेड किंवा बाटलीतलं घट्ट करणारं औषध ओतून काटा वर आणणं म्हणजे ताप न बघता थर्मामीटर बदलणं. काटा वर जातो, बेअरिंग झिजतच राहतं, आणि थंडीत सुरू करताना तेल पोहोचायला उशीर होतो तो वेगळाच.

फिल्टर कापून बघा

जुना फिल्टर फेकू नका. पत्रा फिल्टर-कटरने कापा. करवतीने कापला तर करवतीचाच चुरा आत पडतो. कागद उलगडून पिळा आणि उजेडात धरा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे: कॅम, टॅपेट, पंपाचे गियर. न चिकटणारी मऊ, राखाडी-चंदेरी पापुद्री म्हणजे शेलचा वरचा थर. तांबूस चकाकी दिसली तर तो थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. सम्प उतरवायचा निर्णय तिथेच होतो. मोजके बारीक कण जुन्या इंजिनात असतातच, त्यांनी दचकू नका.

रिलीफ व्हॉल्व्ह

इथे सगळ्यात जास्त फुकटची कामं होतात. हा व्हॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. आयडलला प्रेशर त्याच्या उघडण्याच्या आकड्यापेक्षा खूप खाली असतं आणि तो बंद असतो. त्यामुळे स्प्रिंगखाली वॉशर घालून गरम आयडलचं प्रेशर वाढत नाही. थंड इंजिनाचं मात्र अवाच्या सवा वाढतं आणि फिल्टरचं सील बाहेर येऊ शकतं. एकाच परिस्थितीत हा व्हॉल्व्ह आयडललाही त्रास देतो: तो पूर्ण मिटत नसेल तर.

बी-सिरीजमध्ये तो ब्लॉकच्या मागच्या भागात, घुमटासारख्या षटकोनी नटाखाली असतो. नट काढा, स्प्रिंग आणि प्लंजर ओढून घ्या. स्प्रिंगची मोकळी लांबी ७६ मिमी हवी. कमी भरली तर नवी घाला. प्लंजरच्या शंकूवर पूर्ण गोल, सलग घासलेली रेघ दिसायला हवी. रेघ तुटक असेल किंवा खड्डा असेल तर तिथून तेल सम्पमध्ये परत जातं. बारीक लॅपिंग पेस्टने प्लंजर सीटवर घासून बसवता येतो, पण पेस्टचा कणही आत राहता कामा नये. कापड, केरोसिन आणि भरपूर सबुरी. प्लंजर भोकात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. सिलिकॉन सीलंटचा तुकडा किंवा गॅस्केटचा धागा तिथे अडकलेला मिळणं नेहमीचंच.

पोर्शे ९४४ च्या सुरुवातीच्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह तीन भागांचा होता आणि अडकण्याबद्दल बदनाम होता. नंतर एकसंध आला. माझदाच्या रोटरी आरएक्स-७ मध्ये, इंजिन नुकतंच बांधलेलं असेल आणि प्रेशर कमी असेल, तर फ्रंट कव्हरमागच्या तेलमार्गाची ओ-रिंग आधी संशयात घ्या. ती चिमटली की पंप निर्दोष असूनही तेल आतल्या आत निसटतं.

सक्शन आणि पंप

सम्प उतरवण्याआधी एक स्वस्त चाचणी आहे. पिकअपच्या जोडातून हवा येत असल्याची शंका असेल तर अर्धा ते एक लिटर तेल जास्त घाला आणि गाडी फक्त आयडलवर ठेवा. जोड तेलात बुडाला तर हवा थांबते आणि काटा स्थिर होतो. १९९७ नंतरच्या कॉर्व्हेटमधल्या एलएस इंजिनात पिकअपची ओ-रिंग चिमटते किंवा कडक होते, तिथे ही युक्ती हमखास वापरतात. चाचणी झाली की जास्तीचं तेल लगेच काढा. क्रँक तेलात आपटली तर फेस होतो आणि नवीच तक्रार सुरू होते.

सम्प खाली आला की गाळणी बघा. मागच्या दुरुस्तीत कुणी सीलंटची जाड पट्टी ओढली असेल तर तिच्या आत दाबल्या गेलेल्या शेवया गाळणीवर चिकटलेल्या दिसतील.

रोटर पंप असेल तर कव्हर काढून फीलर गेजने तीन मापं घ्या. एमजीबीच्या पंपाला रोटरचा एंड-फ्लोट (रोटर आणि कव्हर यांतली फट) ०.१२७ मिमीपर्यंत, आतल्या-बाहेरच्या रोटरच्या पाकळ्यांमधली फट ०.१५ पर्यंत आणि बाहेरचा रोटर व बॉडी यांतली फट ०.२५ पर्यंत चालते. गरम आयडलला सगळ्यात महागात पडतो तो एंड-फ्लोट. कव्हरवर गोल चरे पडले असतील तर जाड काचेवर बारीक एमरी कागद ठेवून, तेल लावून ते सपाट करता येतं. पंप परत बसवताना आत व्हॅसलीन भरा. ग्रीस विरघळत नाही, फिल्टर आणि गॅलरी चोंदवते. गॅस्केट मूळ जाडीचीच हवी, कारण ती एंड-फ्लोटमध्ये मिळते.

बेअरिंग

इथवर सगळं बरोबर निघालं आणि गरम आयडल पडलेलाच असेल, तर उत्तर इंजिनाच्या तळाशी, बेअरिंगमध्ये आहे. एका वेळी एकच कॅप (बेअरिंगचं खालचं झाकण) काढा, नंबर आणि दिशा खूण करून. बिग एंड आधी, कारण ते सहसा आधी जातात. शेलच्या पाठीवर साइज छापलेली असते: एसटीडी (मूळ माप), ०१०, ०२० (इंचाचे हजारावे भाग) किंवा ०.२५, ०.५० (मिमी). सगळ्या शेलवर एकच आकडा हवा. एसटीडी आणि ०१० मिसळलेले सापडले, तर आधीच्या माणसाने काय केलं याचा अंदाज येतो.

प्लास्टिगेज म्हणजे फटीत दाबून चपटा होणारा मापाचा धागा; त्याच्या हिरव्या धाग्याने ०.०२५ ते ०.०७६ मिमी, लाल धाग्याने ०.०५ ते ०.१५ आणि निळ्याने ०.१० ते ०.२३ मोजता येतं. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि शेल तेल पुसून कोरडे करा, धागा जर्नलच्या लांबीत ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका. कॅप काढून चपट्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या मापाशी जुळवा. पट्टीच्या दोन टोकांत फरक असेल तर जर्नल निमुळतं झालंय. इंजिन गाडीतच असेल तर मेन बेअरिंगचं माप फसवं येतं: क्रँकचं वजन खालच्या शेलवर बसून पट्टी जास्त चेपते आणि फट कमी दिसते. शेजारच्या काउंटरवेटखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावून क्रँक वर धरा, मग मोजा.

व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट हा सर्वसाधारण हिशोब, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५. ती ०.०९-०.१० कडे गेली असेल तर गरम आयडलच्या प्रेशरचं कोडं सुटलं. जर्नलवर नख अडकेल असा चरा असेल, किंवा मायक्रोमीटरने ९० अंशांवर घेतलेल्या दोन मापांत ०.०२५ मिमीहून जास्त फरक असेल, तर नुसते शेल घालू नका. क्रँक ग्राइंडिंगला जाईल.

थ्रस्ट वॉशरसाठी डायल गेज क्रँकच्या टोकाला लावून क्रँक पुढे-मागे सरकवा. बहुतेक इंजिनांत एंड-फ्लोट ०.०५ ते ०.२५ मिमीच्या आत असतो. ट्रायम्फच्या सहा सिलिंडर इंजिनात, टीआर६ मध्येही, झिजलेला अर्धगोल वॉशर जागा सोडून सम्पमध्ये पडतो आणि मग क्रँक ब्लॉकच खाऊ लागते. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकताना दिसली तर गाडी त्या दिवसापासून उभी.

नुकत्याच बांधलेल्या इंजिनात फटी नव्या असून प्रेशर कमी असेल, तर झिजेचा विचार सोडा. विसरलेला गॅलरी प्लग, तेलाचं भोक न जुळलेलं कॅम बेअरिंग, फिरून बसलेला शेल, झिजलेला तसाच ठेवलेला रॉकर शाफ्ट, हे क्रमाने बघा. गॅलरीला बाहेरून हवेच्या दाबाने तेल देऊन, सम्प उघडा ठेवून खालून बघितलं की दोषी जागा समजते: बाकी बेअरिंगांतून थेंब पडत असतात आणि एका जागेतून धार.

जोडणी झाल्यावर स्पार्क प्लग काढा, इग्निशन तोडा आणि स्टार्टरवर दहा-दहा सेकंद फिरवून मेकॅनिकल गेजवर काटा उठेपर्यंत थांबा. काटा उठल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. मग तीच मापं, त्याच तापमानाला, जुन्या कागदाशेजारी लिहा. ५०० किमीला तेल बदला आणि तो फिल्टरही कापून बघा.